गार ड्रम

ऐका. आणि आप्पा, तुम्ही मधेमधे हुंकार भरू नका. तुमच्या हुंकारानं गोष्टीतली भीती पळते.

माझे चुलते जालिंदरकाका अंधार पडल्यावर जुना ट्रक सिमेंटनं भरून कुसळीच्या घाटानं निघाले. दुसऱ्या दिवशी माझी डिप्लोमाची परीक्षा होती, म्हणून मीही केबिनमध्ये बसले.

निघतानाच म्हटलं, "काका, मागचं डावं चाक खोला. बेअरिंग कुरकुरतंय. ब्रेकचं लायनरही झिजून संपलंय बहुतेक."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला गाडी शिकवतेस? नारळ फोडलाय. बस गप."

नारळ! ब्रेकला नारळ कळतो का हो आप्पा? आता का गप्प?

त्या घाटात बारकू मिस्त्री मेला होता. तो ट्रक जॅकवर चढवून बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होता. ड्रायव्हर डोक्यावर उभा. "आवर, आवर!" चाकांना दगड लावायचीही सवड दिली नाही. ट्रक घरंगळला. मिस्त्री खाली. चिरडला!

तर आम्ही उताराला लागलो. ठण्ण! मागच्या चाकावर कुणीतरी हातोडी मारली. गाडी पळतेय आणि हातोडी चाललीय! ठण्ण. ठण्ण.

"खडी उडतेय," काका म्हणाले. पण घाम फुटला होता.

मग केबिनमध्ये ग्रीसचा वास. मग आरशात एक माणूस. चाकाला लोंबकळलेला. पाय रस्त्यावर फरफटतायत आणि हातातला पाना नट फिरवतोय.

काकांनी करकचून ब्रेक मारला. वळणावर गाडी कशीबशी थांबली. हँडब्रेक ओढून ते उतरले आणि एकेका चाकातल्या ब्रेक ड्रमला हात लावू लागले. मी खिडकीतून वाकून बघत होते. घाट उतरताना ब्रेक लागतो, म्हणून ड्रम तापतो. तिन्ही चटके देत होते.

चौथा, मागचा डावा, गार. बर्फासारखा! म्हणजे त्या चाकाला ब्रेकच नव्हता.

"वैजू, हे चाक..." एवढंच म्हणाले. ड्रमच्या आतून हात आला. काळा, तेलकट. त्यानं काकांची बोटं धरली.

"घाई आहे ना?" ड्रममधून आवाज. "घाल हात. ग्रीस भर."

आणि ट्रक सरकला!

काका किंचाळले. चाक फिरतंय, बोटं अडकलेली, मनगट पिळवटतंय. मी स्टिअरिंगवर झेपावले. ब्रेक दाबला. पेडल सरळ तळाला! एका बाजूला दरी. मी गाडी डोंगरावर घातली. धडाम! काच फुटून तोंडावर आली. ट्रक थांबला. पण ते चाक थांबेना. जागच्या जागी गुरगुरत होतं, काकांना आत ओढत होतं.

मी मोठा पाना उचलला. उडी मारली.

"काका, डोळे मिटा."

"नको गं पोरी! माझी बोटं आहेत!"

"बोटं गेली तर जाऊ देत, तुम्ही तरी वाचा!"

हाणला. हाड मोडल्याचा आवाज. त्याचं की काकांचं, कळलं नाही. पुन्हा हाणला. रक्त माझ्या दातांवर आलं. पुन्हा! काका मागे कोसळले. सुटले!

त्याच क्षणी चाक निखळलं. आमच्या अंगाला घासून उतारानं गेलं. लांब गेलं. थांबलं. आणि वळलं. चढावर, आपसूक, आमच्याकडे!

काकांना ओढत गटारात लोळले. चाक डोक्यावरून उडालं आणि केबिनमध्ये घुसलं. मी बसले होते ती सीट चिंधी चिंधी झाली. मग सगळं शांत.

अंधारात चाचपून काकांची तुटलेली बोटं ओढणीत बांधली. खांद्यावर घेऊन त्यांना खाली आणलं. दुधाच्या टेम्पोनं दवाखान्यात पोचवलं. काका जगले. अजून सांगतात, नारळामुळं वाचलो. सांगोत!

पण दवाखान्यात डॉक्टरांनी ओढणी सोडली. काकांची दोन बोटं तुटली होती. ओढणीत तीन निघाली.

तिसरं काळं. नखात ग्रीस. हातात धरवेना इतकं गार. डॉक्टर बघत असतानाच ते वाकलं आणि सरळ झालं, जणू नट पकडतंय.

म्हणून सांगते, कुसळीच्या घाटानं जाऊ नका. ड्रम खोलून नवी लायनर घातली असली तरी नका. आधी बारकू फक्त घाईवाल्यांना धरायचा. आता प्रत्येक गाडी थांबवतो, दार उघडतो आणि आतल्या माणसांची बोटं मोजतो.