सभासद नसलेले केल्विन सर

आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष चित्रलेखाताई, व्यासपीठावरील कार्यकारिणी, आजचे सत्कारमूर्ती केल्विन सर, आणि स्वयंपाकघरातून आत्ताच बाहेर आलेल्या मंडळींसह माझ्या सर्व ब्लॅकटाउनकरांनो, नमस्कार. मी नीरजा.

सरांबद्दल चार गोड शब्द बोलून खाली बस, असं मला सांगितलंय. प्रयत्न करते.

याच हॉलमध्ये सर दर रविवारी आम्हाला वाद घालायला शिकवायचे. नियम एकच. आधी समोरच्याची बाजू अशी मांडायची की तो म्हणाला पाहिजे, ‘हो, हेच.’ मगच आपली. माझे बाबा ट्रक चालवतात. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलं नव्हतं. युनिव्हर्सिटीला तत्त्वज्ञान घ्यायचं ठरवलं तेव्हा, ‘हे शिकून पोट कसं भरणार’ ही बाबांची भीतीच मी आधी त्यांना नीट सांगितली. ते म्हणाले, “बरोबर. आता तुझं बोल.” असं ते मला पहिल्यांदाच म्हणाले.

सर सांगायचे, ही विद्या प्राचीन ग्रीसमधल्या सॉफिस्टांची. गावोगाव फिरून ते लोकांना बोलायला शिकवत. पुढे सॉक्रेटिसच्या बाजूच्यांनी त्यांना इतकं बदनाम केलं की ‘सॉफिस्ट’ ही आजही शिवीच आहे. पण कायदा निसर्गाचा की माणसांनी केलेला, हे त्यांनी विचारलंच नसतं, तर सॉक्रेटिस भांडला कुणाशी असता?

मागच्या सभेत हा वर्ग बंद करायचं ठरलं. आता नियमाप्रमाणे आधी तो ठराव मांडणाऱ्या यतिनची बाजू. हॉल एकच आहे, हुशार मुलं निवडून घेणाऱ्या सिलेक्टिव्ह स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला मुलांना जागा हवी, आणि वाद घालून कुणाचा नंबर लागत नाही. बरोबर ना, यतिन? यतिन सरांचाच विद्यार्थी. तो इतका छान बोलला की सरांनीच टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये मी सरांना चिडून विचारलं, “सर, तुम्ही का नाही बोललात?”

“अगं, मी सभासद कुठाय?”

“म्हणजे?”

“मी वसईचा, चर्चला जाणारा. कुणी विचारलं नाही, मीही मागितलं नाही.” मग हसले. “सॉफिस्ट बाहेरगावचे. अथेन्सच्या सभेत त्यांना तरी कुठे बोलता यायचं? नो वरीज.”

तेव्हापासून मला स्वस्थता नाही. ज्यांनी आपल्या मुलांना बोलायला शिकवलं, त्यांना आपण बोलूच दिलं नाही. इथे शिकवायला काही उरलं नाही म्हणून सर उद्या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कालगुर्लीला त्यांच्या लेकीकडे, लिझाकडे, कायमचे चाललेत. आणि आपण त्यांना शाल देतोय.

चित्रलेखाताई, तुम्ही घड्याळाकडे बघताय, कळतंय मला. वर्ग चालू ठेवा, असं मी म्हणत नाही. आधी सरांना सभासद करा, मग त्यांचं ऐका, आणि मग पुन्हा मत घ्या. हरलो तर मी स्वतः त्यांना एअरपोर्टला सोडीन. पण विमान उद्या आहे हो, पुढच्या सभेपर्यंत कोण थांबणार?

नियमाप्रमाणे नाव मी सुचवते. केल्विन सर. अनुमोदन हवंय.

कुणीच नाही?

मला माईक दिल्याबद्दल संयोजकांची मी आभारी आहे. निरोपाचं बोलायचं राहून गेलं, त्याबद्दल आपण मोठ्या मनाने माफ करावं. ते माझ्याच्याने होत नाहीये. यतिन, तुला माझं पटत नाही, माहीत आहे. म्हणूनच तुला विचारते. तू देशील अनुमोदन?