पॅकेजमधला बायोडाटा

हसू नका, पण माह्या आयुष्यातला पहिला परदेशी नकार आईच्या समोरच आला.

मी एक हलकाफुलका प्रोग्राम लिहिला होता. लॅपटॉपवरचं एक फोल्डर निवडलं, की त्यातल्या फायली घरातल्या कोणालेही वाय-फायवर, मोबाइलच्या ब्राउझरमधून घेता येतात. आईले तो लय आवडला. तेलंगणातल्या भैंशाहून सोयरिकीसाठी पोरीवाले पाहुणे आले, की ती म्हणे, "मोबाइल काढा, आमच्या पोट्ट्याचा बायोडाटा घ्या!" सगळे घेऊन गेले. कळवलं कोणीच नाही.

मंग एका फुकटच्या, खुल्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी मी त्या प्रोग्रामचं पॅकेज, म्हंजे कोणालेही इन्स्टॉल करता येईल असा गठ्ठा, बनवून पाठवलं. तिथल्या परदेशी तपासणाऱ्यानं ते दोनदा वापस केलं. तिसऱ्यांदा त्याची मेल आली, तशी आई भाकर तव्यावर सोडून धावली.

"तोंड काऊन उतरलं रे? नापसंत केलं का?"

"नाही. प्रोग्राम पसंत हाय म्हणते."

"मंग?"

"नमुना म्हणून मी आपलंच फोल्डर त्यात घालून पाठवलं."

"बायोडाट्याचं?"

"हो. सहा फोटोसकट."

आईचा चेहरा एकदम खुलला. "अगं बाई! पाह्यला त्यायनं? काय म्हणते?"

"म्हणते, प्रोग्रामपेक्षा पोट्टाच जड हाय. पोट्टा काढून टाका, बाकी सगळं घेतो."

आई भाकरीकडे वळली. जाता जाता म्हणे, "भैंशाचे पाहुणे बरे रे बाबा. त्यायनं निदान कारण नाही सांगितलं."