ती कितीही मोठी वाटली तरी

—नाही नाही, गुण आला नाही असं कुठं म्हणतेय मी? आला, जरा जास्तच आला, तेच सांगायला आलेय. आमचे हे— गेल्या महिन्यात याच आरामखुर्चीत झोपवलं होतंत तुम्ही त्यांना— उंचीला घाबरायचे, आठवलं? ड्राफ्ट्समन आहेत, तीस-तीस मजल्यांचे नकाशे काढतात आणि घरातला बल्ब बदलायला स्टुलावर चढवलं की पाय लटलटतात. हां, तेच, बोलण्याआधी घसा खाकरणारे. ऑफिस गेलं वरच्या मजल्यावर, सगळीकडे काचा, तर हे लिफ्टपाशी फाइल मांडीवर घेऊन बसायला लागले— साहेबांचा मला फोन! नोकरी जायची पाळी आली, म्हणून संमोहन का काय ते करायला आणलं डॉक्टर तुमच्याकडे. नाहीतर माझं काही बिघडत नव्हतं त्या भीतीनं. उलट—

उलट काय, बरं चाललं होतं. घर म्हटलं की कुणाचातरी वचक लागतोच, आमच्याकडे तो माझा. हात नाही हं उगारला कधी, शेजारी विचारा, आवाजसुद्धा चढवत नाही मी. फार तोंड वर करून बोलायला लागले की म्हणायचं, 'जरा गॅलरीत जाऊन उभे राहा,' आणि आतून कडी लावायची. बस्स. आठवा मजला आमचा— पहिल्या मजल्यावरचं घर मिळत होतं तेव्हा, मीच म्हटलं नको, वर वारा छान येतो. जायचे म्हणजे? मी सांगितल्यावर न जाऊन करतात काय! दोन मिनिटांत काचेवर टकटक, 'चुकलं गं, उघड'— तेही गुडघ्यांवर बसून, कारण उभं राहवत नाही ना! माझ्या बहिणी आल्या की मुद्दाम म्हणायच्या, भाऊजींना पाठव की कपडे वाळत घालायला. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. तेही हसायचे. हसायचे म्हणजे— ओठ हलवायचे.

तर परवा रविवारी जेवता जेवता म्हणाले, 'आईला इकडे घेऊन येतोय. कायमची.' सासूबाई एकट्या असतात तिकडे, मध्ये बाथरूममध्ये पडल्या होत्या— पण तो विषय मी मागेच मिटवला होता, गॅलरीतच. म्हटलं, 'उठा. ताट राहू दे.' उठले निमूट, गेले. लावली कडी. टकटक नाही. मी जेवले, भांडी आवरली, टीव्ही लावला— टकटक नाही. टीव्हीचा आवाज बारीक केला, म्हटलं आपल्यालाच ऐकू येत नसेल— नाहीच! ऊन कललं तेव्हा मलाच उघडावं लागलं, मलाच! आत आले, शर्ट बदलला, म्हणाले, 'आईला आणायला निघालोय,' आणि चालू पडले. आता त्या माझ्या हॉलमध्ये बसल्यात पाय पसरून, आणि हे मला सांगतात, तिच्या चहात साखर कमी घाल. मला!

म्हणून म्हणते, मात्रा चुकली तुमची. भीती काढायला सांगितली होती, धाक नव्हे. धाक हा काय आजार आहे? तेवढा परत बसवा, मी आणते त्यांना, उंचीचं गेलं ते जाऊ दे— मान का हलवताय? ऐकलंय हो मी सगळं, बाहेर बाकावर बसले होते त्या दिवशी, दाराला फट आहे तुमच्या. 'तिला घाबरायचं कारण नाही. ती कितीही मोठी वाटली तरी तुमचं काही करू शकत नाही. तिच्याकडे सरळ बघा'— किती गोड सांगत होतात, मलाच बाहेर पेंग आली. फक्त तिथंच थांबायचं होतंत ना, उंचीपाशी—

काय? उंचीचं काढलंच नाही? मग काढलंत काय? त्यांनीच सांगितलं— काय सांगितलं? 'उंचीचं राहू दे, मी साहेबांकडे आतल्या भिंतीजवळचं टेबल मागून घेईन'? हे? हे मागणार साहेबांकडे? आणि मागितलंसुद्धा? मग ती कोण? मी विचारतेय डॉक्टर, कितीही मोठी वाटली तरी, ती— ती म्हणजे—

असं बघू नका माझ्याकडे.

म्हणजे रविवारी तिथं, सगळी दुपार, भीती होती तशीच असताना? म्हणून शर्ट पिळून काढावा इतका ओला होता? मी म्हटलं उन्हानं. आणि नखांत भिंतीचा रंग अडकलेला— हात धुवा म्हणून ओरडले मी त्यांच्यावर. एकदा तरी टकटक करायची होती! उघडलं असतं हो मी, नेहमी उघडते, मी काय राक्षसीण आहे? एकदा नुसतं 'चुकलं' म्हणायचं, की मिटलं. आठ मजले खाली दिसतायत, जीव जातोय, आणि तरी माझ्याकडे नाही मागितलं— मग आता त्या घरात मला कोण घाबरणार हो?

नको. पाणी नको. सरका जरा, जाऊ द्या मला.