दारावरून परतणारी माणसं

मामा : तुझ्या आईचं लग्न झालं ना, त्याच वर्षी मी तो नजर तपासायचा तक्ता दुकानाच्या काचेत लावला. लग्नाला आलेले पाहुणे रस्त्यावर उभे राहून एकेक डोळा झाकून अक्षरं वाचत होते. तुझा बापसुद्धा. आणि आज तू मला सांगतेस, तो काढ.

ठमी : काढ नाही म्हटलं मामा. आत हलव म्हटलं.

मामा : एकूण एकच.

आजी : अरे, तिला आधी टेकू तरी दे. विद्यापीठातून धावत आलीय पोर. पाणी घे गं ठमे.

ठमी : पाणी नंतर. आजी, मला घेतलं. नोकरीला. आमच्या अख्ख्या वर्गातून दोघांना घेतलं, त्यातली मी एक.

मामा : नोकरी? कसली नोकरी? माझ्या हातात काच आहे म्हणून बोलत नाही, नाहीतर...

ठमी : मग आधी काच खाली ठेव.

मामा : ठेवली. बोल.

ठमी : एक कंपनी आहे. कुठली वस्तू लोक का घेतात, का घेत नाहीत, ते शोधून काढते. आज आमचे प्रकल्प सादर करायचे होते ना, त्या कंपनीतल्या एक बाई परीक्षक म्हणून बसल्या होत्या. माझं बोलून झालं तर मला बाहेर बोलावून घेतलं आणि विचारलं, पुढच्या महिन्यापासून येशील का. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. मामा, माझे पाय अजून जमिनीला लागत नाहीयेत.

मामा : लागतील. तुला मार्केटिंगला कशाला घातलं होतं? आठवतं ना? तू म्हणालीस, चष्म्याचं दुकान मोठं करायचं तर हेच शिकायला हवं. मी म्हटलं शीक. उद्या रंगारी येतोय. पाटीवर नवीन नाव घालायचं ठरलंय, 'मामा-भाची चष्मेवाले'. शेजारच्या औषधवाल्याला दाखवूनसुद्धा झालं.

ठमी : रंगारी उद्याच येतोय?

मामा : सकाळीच. अक्षरं कशी हवीत ते तुलाच विचारणार होतो.

आजी : मला एक सांगा. मार्केटिंग म्हणजे ते दारोदार पिशवी घेऊन फिरतात, साबण घ्या, मंजन घ्या, तेच ना?

ठमी : तेही त्यातलंच आजी. आमच्या वर्गातली एक बडबडी आहे, ती विक्रीतच चाललीय, आणि तिला शोभतंही. तिला गप्प बसायचे पैसे दिले असते तर ती उपाशी मेली असती. दुसरी एक जाहिरातीच्या कंपनीत गेली. दोन ओळी लिहायला आठवडा घेते, पण मग त्या दोन ओळी डोक्यातून जात नाहीत. एक जण बिस्किटांच्या कंपनीत. पुड्याचा रंग कुठला, तो फळीवर मुलांच्या नजरेच्या उंचीला हवा की आईच्या, एवढंच दिवसभर बघणार.

आजी : एवढ्यासाठी माणूस ठेवतात?

ठमी : अख्खी खोली भरून ठेवतात. आणि आमचा तो मुखदुर्बळ आठवतोय? घरी आला होता, चहाला हो म्हणायलासुद्धा लाजत होता. तो आकड्यांत गेला. मोबाइलवर कोण कुठली जाहिरात बघून कुठे थांबतं, त्याचा हिशेब. कोणाशी बोलायचं काम नाही, स्वारी खूश.

मामा : सगळे मार्गी लागले, आनंद आहे. तूही लागलेली होतीस. या दुकानात.

आजी : तू जरा थांब. ठमे, त्या बाईंना तुझं काय एवढं आवडलं? तुझा तो पहिला प्रकल्प तर मॅडमनी परत केला होता ना?

ठमी : तो परत केला, कारण मामा.

मामा : माझं काय? मी तर मदत केली.

ठमी : तेच सांगतेय. आजी, मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एक कागद देत होते. इथे का येता, काय आवडतं, काय आवडत नाही. आणि मामा मागून प्रत्येकाला सांगत होता, पोरीचा अभ्यास आहे, जरा चांगलं लिहा. एका आजोबांनी तर 'काय आवडत नाही' या रकान्यात लिहिलं, 'दुकान रविवारी बंद असतं हे'.

मामा : खरंच लिहिलं त्यांनी ते. मी सांगितलं नव्हतं.

ठमी : मॅडमनी सगळे कागद वाचले आणि म्हणाल्या, तुझा मामा फार चांगला माणूस दिसतो, पण मला यातून काही कळलं नाही. मग म्हणाल्या, तू जे आले त्यांनाच विचारलंस. जे आले नाहीत त्यांना कोण विचारणार?

आजी : बरोबर बोलली की बाई.

मामा : जे आलेच नाहीत त्यांना कुठे शोधायचं? जाहिरात देऊन?

ठमी : मलाही तसंच वाटलं. दोन दिवस चिडून बसले होते. मग समोरच्या शिलाईवालीला विचारलं, तुमच्या दुकानातल्या बाकावर बसू का. ती म्हणाली बस, पण बटणांना हात लावू नकोस.

मामा : म्हणजे तू महिनाभर 'शिवायला टाकलंय, आणायला जाते' म्हणत होतीस ते...

ठमी : तिथे बसून तुझं दार बघत होते.

मामा : वा. घरातच हेर.

ठमी : ऐक तर. मामा, माणसं येतात. खूप माणसं येतात. दारापर्यंत येतात, काचेपाशी थांबतात आणि वळून जातात. एक गवंडी तर रोज यायचा. कामावरून परत जाताना थांबायचा, हात डोळ्यांपर्यंत न्यायचा, इकडेतिकडे बघायचा आणि चालू पडायचा. मी धावत जाऊन त्याला गाठलं. म्हटलं, काका, चष्मा बघायचा होता का? तर म्हणाला, माझे डोळे चांगले आहेत. एक फळवाली, तीही तेच. डोळे चांगले आहेत माझे. ज्याला विचारावं तो डोळे चांगले असल्याचं सांगतो आणि सुटे पैसे नाकाजवळ धरून बघतो.

मामा : मग? भीती वाटत असेल खर्चाची.

ठमी : मीही तेच लिहून टाकणार होते. मग मागच्या गल्लीतली इस्त्रीवाली भेटली. तिच्याकडे मी नुसती बसायला जायचे, काही विचारायचेच नाही. एके दिवशी तीच म्हणाली, तुझ्या मामाकडे आले असते गं, पण तिथे सगळ्या रस्त्यासमोर वाचून दाखवावं लागतं.

मामा : काय वाचून?

ठमी : तक्ता, मामा. काचेतला. तू वर लिहिलंयस ना, 'वाचून बघा, कळेल नजर'. तिला एक अक्षर येत नाही. गवंड्याला येत नाही. फळवालीला आकडे येतात, अक्षरं नाहीत. त्यांना वाटतं, आत गेलं की हेच करायला लावणार. दहा लोकांसमोर उभं करणार, आणि आपल्याला दिसत नाही म्हणून नाही, वाचता येत नाही म्हणून आपण गप्प राहणार.

मामा : पण आत मी कोणाला अक्षरं वाचायला लावतो? चित्रांचा तक्ता आहे की माझ्याकडे. घर, कप, छत्री, मासा. पहिल्या दिवसापासून आहे. लहान मुलांना, ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोच लावतो. पडदा ओढून लावतो, बाहेरचं कुणी बघतही नाही.

ठमी : ते तुला ठाऊक आहे. रस्त्याला कसं ठाऊक असणार?

आजी : बोल आता.

मामा : ...मी तो लोकांना बोलवायला लावला होता.

ठमी : आणि ज्यांना वाचता येतं त्यांना त्यानं बोलावलं, मामा. ते खोटं नाही. मी तसंच सांगितलं तिथे. मग त्या बाईंनी एकच विचारलं, मग तुम्ही तक्ता हलवलात का? मी म्हटलं, अजून नाही. माझ्या मामाचा त्या तक्त्यावर फार जीव आहे, त्याला सांगायची हिंमत झालेली नाही. सगळा वर्ग हसला. त्या नाही हसल्या. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मामा : म्हणजे माझी शोभा करून नोकरी मिळवलीस.

ठमी : मामा.

मामा : थट्टा केली गं. थांब, मला विचार करू दे. चित्रांचा तक्ता काचेत लावू. अक्षरांचा आत. नको, दोन्ही आत, काचेत नुसते चष्मे. नाहीतर मोठी छत्री रंगवून घेऊ, आणि खाली लिहू... लिहून काय उपयोग म्हणा. बघ, मलासुद्धा लगेच सुचायला लागलं. आपण दोघं मिळून हे दुकान कुठल्या कुठे नेऊ. रंगाऱ्यालाच सांगतो उद्या, छत्री, मासा, सगळं. आणि तू चाललीस कुठे?

ठमी : इथलं तुला सापडलं, मामा. छत्री तू लाव. पण असे परतणारे लोक प्रत्येक दारावर आहेत. दवाखान्याच्या, बँकेच्या. त्या बाई सांगत होत्या, एका गावात पाणी गाळायचं यंत्र फुकट वाटलं आणि कोणी वापरेना. का, ते कोणालाच कळेना. त्यांची माणसं तिथे जाऊन महिनाभर राहिली. मला तसलं काम करायचंय. त्या शिलाईवालीच्या बाकावर मला जेवढं मजेचं वाटलं, तेवढं आजपर्यंत कुठेच वाटलं नव्हतं. पण तू नको म्हणालास तर मी राहीन. रुसून नाही, नीट राहीन.

मामा : असं म्हटलं की माणसाला नको म्हणता येत नाही, हेही विद्यापीठातच शिकवतात का?

आजी : तिला नको म्हणायच्या आधी मला एक सांग. मी तुझा जेवणाचा डबा मागच्या दारानं का आणायचे?

मामा : समोर ऊन असतं म्हणून.

आजी : तू ठरवलंस ऊन असतं.

मामा : मग?

आजी : तुझा तक्ता लावला त्या आठवड्यात मी पुढून आले, तर औषधवाल्याची आई तिथे उभी. म्हणाली, या वहिनी, बघू तुम्हाला खालची ओळ येते का. मी म्हटलं, डबा गार होतोय. त्या दिवसापासून मागचं दार. मग पाच वर्षांनी संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले, अक्षरं जुळवायला आली, तेव्हा परत पुढून यायला लागले. तुझ्या लक्षातही आलं नाही.

मामा : आई, मला कधी बोलली का नाहीस?

आजी : मुलानं एवढ्या हौसेनं लावलेला. पाहुणे कौतुक करतायत. काय बोलू? आणि काय म्हणून बोलू?

ठमी : आजी, हे तू मलाही नाही सांगितलंस. मी महिनाभर रस्त्यावर लोकांना विचारत होते.

आजी : तू घरात कुठे विचारलंस?

ठमी : ...नाही विचारलं.

मामा : फोन कुठे आहे तुझा?

ठमी : हा काय.

मामा : कळव त्यांना. येते म्हणून सांग.

ठमी : आणि रंगारी?

मामा : नुसतं 'चष्मेवाले' लिहील. अक्षरं कमी, त्याचंही काम लवकर होईल. कुठल्याही गावात पाठवलं तरी रविवारी घरी यायचं, तेवढं बोलून घे त्यांच्याशी. रंगाऱ्याची छत्री लोकांना छत्रीच वाटते का, ते बघायला कोणीतरी लागेल. जा, बाहेर जाऊन बोल, इथे नेटवर्क नाही.

(ठमी बाहेर जाऊन फोन करून येते.)

ठमी : झालं. हो म्हटलं. माझा आवाज इतका चढला की त्या म्हणाल्या, मुली, फोन जरा लांब धर.

आजी : सुट्टीचं विचारलंस?

ठमी : रविवार मोकळा. आणि ऐका, त्यांच्याकडे एक पद्धत आहे. नवीन माणसानं पहिल्या दिवशी एका न आलेल्या माणसाची हकिगत सांगायची. कोण, काय हवं होतं आणि कुठून परत गेला. सगळे गोल बसतात, मोठे साहेबसुद्धा. नुसतं ऐकायचं, कोणी मधे बोलत नाही. मी इस्त्रीवालीचं सांगू की गवंड्याचं?

आजी : माझ्या आईचं सांग.

ठमी : पणजीचं? पण तिला आता कसं विचारणार?

आजी : मला विचार. मी होते बरोबर.

ठमी : थांब, वही घेते. सांग.

आजी : ती शर्टांना बटणं लावायची. घरी गठ्ठा यायचा, लावून द्यायचा. हात असा चालायचा की बघत राहावं. मग सुई ओवायला मला हाक मारायला लागली. तेव्हा वस्तीतल्या शाळेत सगळ्यांचे डोळे तपासायला डॉक्टर आले होते, चष्मे देत होते. मी तिला ओढून नेलं. लांब रांग होती. पुढचा एक जण मोठ्यानं अक्षरं वाचत होता, आणि चुकला की मागचे हसत होते. आमच्यापुढे दोघं राहिले तशी ती म्हणाली, चल, शर्ट पडलेत घरी.

मामा : लांबचं दिसायचं तिला?

आजी : रस्त्याच्या टोकाचा माणूस चालीवरून ओळखायची. सुई दिसत नव्हती.

मामा : मग नुसता जवळचा नंबर होता, आई. त्याला वाचायलाही लागत नाही. हातात दोरा द्यायचा आणि काचा बदलून बघायच्या.

आजी : आम्हाला कुठे माहीत होतं.

ठमी : पुढे काय झालं?

आजी : पुढे बटणं वाकडी लागायला लागली. गठ्ठे यायचे बंद झाले. मग ती दारात बसून असायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. लिहिलंस?

ठमी : लिहिलं. कधी गेली ती?

आजी : तुझा मामा चार वर्षांचा होता. जानेवारीत गेली. त्या रांगेतून का परत फिरली, ते तिला कोणीच विचारलं नाही.