तीन सेन्सर

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीच्या ब्रेकचं काम होण्याची वाट पाहत होतो. समोर एक जुनी पिकअप, स्टिअरिंगवर तिचा मालक, खिडकीशी त्याची बायको आणि बॉनेटमध्ये वाकलेला मेस्त्री.

"ऑइल प्रेशरचा काटा वेड्यासारखा नाचतो, मेस्त्री. सेन्सरच खराब असणार."

"किती बदललेत?"

"तीन."

"तीन साक्षीदार एकच सांगतायत, दादा, आणि तुम्ही साक्षीदार बदलताय."

"मेस्त्री, उद्या गिऱ्हाइकाची रोपं घेऊन मला एकटीला घाट चढायचाय. इंजिन धड आहे का, तेवढं सांगा."

"तेच बघतोय, वहिनी. माझा मीटर थेट इंजिनाला लावलाय. मध्ये सेन्सर नाही, वायर नाही. दादा, गाडी चालू करा."

"चाळीस! बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"थंड इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं. गरम होऊ द्या."

"मेस्त्री, काटा उतरतोय."

"दिसतंय. तीस... वीस... दादा, रेस देऊ नका!"

"सवय हो. सिग्नलला जरा पाय दिला की काटा वर येतो."

"कधीपासून देताय?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मला म्हणालात, थांबल्यावर रेस देत जा, इंजिनाला बरं असतं!"

"तू उगाच घाबरली असतीस."

"पाय काढा, दादा."

"काढला."

"पाच. आणि खालून ठकठक येतेय, ती ऐका."

"मेस्त्री, तुमचा हा मीटर कधी तपासला होता?"

"अहो, गाडी बंद करा. चावी माझ्याकडे द्या, आणि गिऱ्हाइकाला फोन तुम्ही करा. त्याला सेन्सरचं सांगू नका."