सोवळ्यातला बाजार

— हा जांभळा डाग? अंगठ्यावरचा? शाईचा आहे हो, शिक्क्याच्या शाईचा, रोज गंगेत बुडतो तरी निघत नाही — नळावर? नळावर कोण कशाला शिक्का मारील नीलकंठराव, शिक्का बकऱ्यावर मारतात. सोललेल्या. एक मांडीवर, एक खांद्यावर — झालं. बोललो. तुम्ही सागरहून यायच्या आधीपासून आमच्या मंडळीनं, अन्नपूर्णेनं, बजावून ठेवलं होतं, व्याह्यांनी नोकरीचं विचारलं तर मुन्शिपाल्टी म्हणायचं, खोदून विचारलं तर नळखातं म्हणायचं आणि पुढं गप्प बसायचं, तुम्हाला गप्प बसायला तर येतंच. आणि येतं हो, जन्मभर दुसरं काय केलं. पण आज सकाळी तुम्ही म्हणालात, मुलगी पसंत आहे — आमची बकुळ, आमचं शेंडेफळ — तेव्हापासून मला काय झालंय कोण जाणे, घाट उतरताना पाय पायरीला लागत नव्हते, वाटेतल्या त्या सांडाला मी रामराम केला, तुम्ही पाहिलंत. आता लपवून काय उपयोग. मी सफाई दरोगा आहे. मांसबाजाराचा. दूधविनायकाच्या आळीतला भट, आणि बावीस वर्षं खाटकांची दुकानं तपासतो.

बसा ना. लांब सरकलात तरी चालेल, ब्रह्मा घाटाला पायऱ्या पुष्कळ आहेत, पण बसा. अर्धं ऐकून गेलात तर भलतंच समजाल. लागलो कसा तिथं? माझ्या दोघा भावांनी वेद म्हटला, माझ्या डोक्यात संथाच राहीना, गुरुजींनी पळीनं बडवलं तरी राहीना. मग वडील गेले. आणि त्या साली मुन्शिपाल्टीत एक साहेब होता, त्याचं डोकं फार चाललं बघा — आधीचे सगळे दरोगे खाटकांकडून रोज शेरभर गोश्त घरी न्यायचे आणि सडकं-कुजकं पास करायचे. साहेब म्हणाला, ज्याला खायचंच नाही असा माणूस आणा, त्याला लाच काय देणार? सारी काशी शोधली आणि मी सापडलो. मला हसू येतं अजून. बकऱ्याची सोललेली तंगडी बघून ज्याला भोवळ येते तो दरोगा. पहिला महिना मी शिक्का काठीला बांधून लांबून मारला, आमच्याकडं सोवळ्याचं धोतर काठीनं उचलतात ना, तसा. शिक्का कधी बकऱ्यावर पडायचा, कधी भिंतीवर, एकदा खाटकाच्या पाठीवर पडला, तो दिवसभर पास होऊन हिंडला.

पण खरी गंमत ती नाही. खरी गंमत अशी — कुणाला सांगू नका — मला नियमांचा कागद दिला तो वर इंग्रजीत, खाली उर्दूत. मला दोन्ही येत नाही. विचारावं तर नोकरी जाईल. दोन रात्री कागद उशाशी घेऊन निजलो, उशातून काही वर येतं का म्हणून. नाही आलं. मग म्हटलं, स्वच्छता करायची आहे ना? स्वच्छता म्हणजे काय ते मी एकाच ठिकाणी पाहिलं होतं — माझ्या आईच्या स्वैपाकघरात. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि आईचं सोवळं लावलं. खाटकांना. हसा, हसा तुम्ही. स्नान केल्याशिवाय सुरीला हात नाही. धुतलेलं वस्त्र, उंच वाळवलेलं. पाण्याच्या हंड्याला गिऱ्हाइकानं शिवायचं नाही. आतडी काढायची सुरी खरकटी, मांसाची सुरी सोवळी, एकीचं काम दुसरीनं केलं की दोन्ही राखेनं घासायच्या. ओंडका रोज उकळत्या पाण्यानं. माशी बसली की विटाळ, म्हणून वर ओली मलमल. सूर्य मावळल्यावर उरलं ते शिळं, शिळं देवाला चालत नाही तर माणसाला कसं चालेल — फेका. कोंबडीवाल्यांना सांगितलं, खुराडं पंगतीत नको, आडोशाला. आणि रेशीम सदा शुद्ध असं एकदा माझ्या तोंडून गेलं, तर एक नवा जावई दुसऱ्या दिवशी लग्नातली बनारसी लुंगी नेसून बकरी कापायला बसला. त्याच्या बायकोनं मला भर बाजारात जे ऐकवलं, ते मी अन्नपूर्णेला अजून सांगितलेलं नाही.

ऐकत कसे होते, म्हणता? आधी नाही ऐकलं. पण तिथं बदलू मियाँ म्हणून म्हातारे आहेत, त्यांचा शब्द बाजारात चालतो. ते म्हणाले, हात-पाय धुऊन कामाला लागा, यात हा पंडित नवीन काय सांगतो, आपणही नमाजाआधी धुतोच. ते वळले तशी गल्ली वळली. आणि वळली म्हणजे इतकी, की आईला लाजवलं त्यांनी. एकदा मी सकाळी दुकानात पाऊल ठेवतोय तर बदलू मियाँनी तांब्याच आडवा धरला. म्हणाले, "पंडितजी, मणिकर्णिका की तरफ से आ रहे हो, पहले पाँव धोओ." स्मशानाकडून आलेला माणूस, मी धुतले. संध्याकाळी घरी आलो तर अन्नपूर्णा उंबऱ्यात घागर घेऊन उभी, बाजारातून आलात, आधी अंगावर पाणी घ्या. दोन्हीकडं मीच ओवळा. माघात तर मी असा कुडकुडतो नीलकंठराव, पण काय करणार, दोघांचंही बरोबर आहे.

आणि मग ते ग्रहण. ग्रहणात घरात काय करतात? साठवलेलं पाणी ओततात, शिजलेलं टाकतात. मी बाजारालाही तेच लावलं. पाणी ओतवलं, मांस गाडवलं, सगळं. खाटीक चिडले, बदलू मियाँसुद्धा चिडले, साहेबाकडं अर्ज गेला. आठवड्यात शहरात महामारी आली, यात्रेच्या गर्दीबरोबर येते तशी. गल्ल्याच्या गल्ल्या रडत होत्या. खाटकांच्या गल्लीत एक माणूस आडवा पडला नाही. का, ते मला ठाऊक नाही, मी डाक्टर नाही. साहेबानं बोलावलं, कागद पुढं टाकला, विचारलं, कोणत्या कलमाखाली पाणी ओतलंस? मी डोळे मिटले, आईचं नाव घेतलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं ते एक्क्याच्या घोड्यांच्या लिदीच्या कलमावर. साहेब त्या बोटाकडं बघत राहिला, माझ्याकडं बघत राहिला, मग कागद परत खणात ठेवला आणि म्हणाला, जाओ, जैसा करता है वैसा करो.

लिदीवर पडलं ते कसं कळलं? बकुळनं सांगितलं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकली ना ती, बारा वर्षांची होती तेव्हा तो कागद तिनं मला वाचून दाखवला. सगळा वाचला आणि म्हणाली, "नाना, हे तर आजीचंच आहे सगळं, फक्त देवाचं नाव गाळलंय." मी देवघरात जाऊन रडलो. तेव्हापासून माझे रिपोर्ट तीच लिहिते. घरी बसून — घरीच. एखाद्या वेळी बाजारात आली असेल. दोनदा. म्हणजे दर गुरुवारी येते. कारण टाकलेल्या बकऱ्याचं काळीज कसं होतं ते नीट लिहावं लागतं, आणि मला सांगता येत नाही, मी बघतच नाही नीट, तीच वाकून बघते. काळजात एक चपटा किडा होतो, तुळशीच्या पानासारखा — तुळशीच्या नको, बेलाच्याही नको, कशाच्या म्हणू — तो ती चिमट्यानं काढून दाखवते. बदलू मियाँ तिला डाक्टरनी म्हणतात.

उठू नका. नीलकंठराव, उठू नका. मी आज फार बोललो, पण तुम्ही उठलात तर त्या पोरीचं काय होईल? दोन स्थळं याच्यावरून मोडली आहेत. तिसऱ्यानं ठरवून मग मोडलं तर चौथं येणार नाही, हे तिला माहीत आहे, म्हणून तर तिनं लपवलं नाही. हो. तुमच्या विष्णूला सगळं ठाऊक आहे. परवा त्यानं म्हटलं ना, मुलीशी दोन शब्द बोलायचे आहेत, आणि आपण उठलो? मी दाराआड होतो. ऐकत नव्हतो — ऐकत होतो. ती पहिल्यांदा हेच बोलली, माझे वडील मांस तपासतात आणि मी त्यांचे रिपोर्ट लिहिते, चालत नसेल तर आत्ताच सांगा, पोहे खाऊन जा पण सांगा. आणि तो काय म्हणाला माहीत आहे? मला तर तेव्हाच नाचावंसं वाटलं. म्हणाला, चालायचं काय, मीच लखनौला सकाळपासून दुपारपर्यंत मढी फाडतो, हात कोपरापर्यंत —

तुम्हाला ठाऊक असेलच. डाक्टरीत शिकतो म्हणजे —

नव्हतं ठाऊक?

तुम्हाला काय सांगितलं होतं त्यानं? ब्राह्मणाच्या मुलांना नुसतं पुस्तकातून शिकवतात? असं म्हणाला?

अरे देवा. पाणी घ्या थोडं. या तांब्यातलं — घ्याल? घ्या. चांगला मुलगा आहे हो, तुम्हाला त्रास नको म्हणून म्हणाला असेल. रागावू नका त्याच्यावर. मी तीन दिवस तुम्हाला नळाच्या तोट्या सांगतोय, मला तरी रागावता येईल का?

काय? बकुळ काय म्हणाली त्यावर? पोह्यांची बशी पुढं सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मग घरी आलात की आधी आंघोळ करत जा. तोवर मी पान मांडून ठेवीन."

एवढंच. पुढं दोघं हसत होती, मी दाराआडून निघून आलो.

तुम्ही व्हा पुढं घरी, पानं मांडली असतील. मला उठायला वेळ लागतो. आणि आता मला काही विचारू नका, मी बोलायचा नाही.