लॅपटॉप आला की तुला टेबल

...नाही, तुम्हीच सांगा, वीस ग्रॅम! एक लॅपटॉप दुसऱ्यापेक्षा वीस ग्रॅमने हलका, आणि तेवढ्यावरून आमचे दोन साहेब, सख्खे भाऊ हो, एकमेकांशी धड बोलेनात! तुम्हाला सांगतो, दोन्ही सारखेच हो!

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. मी गोदामात होतो. थोरले साहेब म्हणाले, "तुला ऑफिसात घेतो. लॅपटॉप आला की टेबल, टेबलाबरोबर खुर्ची." तेव्हापासून मी ऑफिसात... उभा आहे. अकाउंटवाल्या काकूंच्या कपाटाला टेकून. आणि घरी आई अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलीय, "आमचा आता ऑफिसात बसतो!" बसतो? कुठे बसतो? संध्याकाळी पाय सुजून खांब होतात, तर म्हणते, "दिवसभर बसून होतं तसं, जरा चालत जा!"

बरं, आमच्याकडे पद्धत अशी, की दोन नमुने समोर ठेवल्याशिवाय काही घ्यायचंच नाही. झाडू घेतला तरी दोघे भाऊ स्वतः झाडून बघतात! दुकानदाराने दोन लॅपटॉप पाठवले. दोन्ही काळे, दोन्ही चौदा इंची, रॅम याची सोळा, त्याचीही सोळा, प्रोसेसर तोच. थोरले म्हणतात, "याचं चार्जरचं भोक डावीकडे. शिस्तीत!" धाकटे म्हणतात, "दादा, माणूस उजव्या हाताने काम करतो!" "पण हा हलका आहे." "हलका म्हणजे आत माल कमी!" मग दोन्ही नेऊन ठेवले गोदामातल्या काट्यावर. तो काटा खोक्यांचे गठ्ठे तोलणारा, त्याला लॅपटॉप कळतो होय? दोन्ही वेळा जागचा हलला नाही. त्यालासुद्धा कळलं हो, दोन्ही सारखेच!

शेवटी दोघे माझ्याकडे वळले. "वापरणार तू. तू सांग." आता मी असा, की बसमध्ये माझा स्टॉप आला तरी 'थांबवा' म्हणवत नाही, कुणीतरी उतरेल तिथे उतरतो. पण त्या दिवशी टाचा अशा ठणकत होत्या, की तोंडातून निघूनच गेलं, "साहेब... दोन्ही सारखेच आहेत."

काकूंची बोटं कॅल्क्युलेटरवरच थांबली. आणि पहिल्यांदाच दोघा भावांचं एकमत झालं! "याला फरकच कळत नाही, तर लॅपटॉप हवाय कशाला? जाऊ दे परत गोदामात!"

मी घाबरून ओरडलो, "आहे, आहे! फरक आहे! झा... झाकणाच्या आवाजात!"

झालं! आठवडाभर दोन मालक लॅपटॉपला कान लावून. खट्... खुट्... "दादा, हा जरा उद्धट मिटतो." "खरंय रे, आणि हा बघ, कसा अदबीने!" काकू दारातून ओरडतायत, "अरे, मशीन बंद करा कुणीतरी, साहेबांना झाकण ऐकू येत नाहीये!"

घेतला एकदाचा. टेबलही आलं! मी हळूच विचारलं, "साहेब... खुर्ची?"

"आणल्यात की! दोन."

दोन्ही काळ्या, दोन्हींना हात, दोन्हींना चाकं. थोरले बसून झाले, धाकटे बसून झाले, काकू बसल्या, दुकानदारसुद्धा गोल फिरून गेला. मी जरा वाकलो, तर दोघे एकदम ओरडले, "अरे अरे, तू नको बसू! वापरलेली झाली, तर परत घेणार नाही तो!"